गिऱ्ह्याचं कार्ड: आपल्या टेबलासाठी मॉन्स्टरच्या नोट्स कशा लिहिता?

पडवीतला_डीएम

मंडळी, गणपती तीन आठवड्यांवर आले. आम्ही देवगडकडचे, मे महिन्यात आणि गणपतीत अशी वर्षातून दोनदाच सगळी भावंडं एकत्र येतात आणि दोन्ही वेळा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्ट रचत फाशांवर खेळायचा खेळ) बसतंच. रात्रीची आरती, भजन, उसळ-चहा सगळं आटपलं की अकराच्या सुमाराला पडवीत सतरंजी पडते आणि पहाटे दोन-अडीचपर्यंत खेळ चालतो. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि मॉन्स्टर चालवणारा, मीच. यंदा मॉन्स्टरच्या नोट्स आधीपासून नीट लिहायच्या असं ठरवलंय, कारण गेल्या गणपतीत जे झालं ते मला अजून लागून राहिलंय.

पाच जण येणार होते, सगळे तिसऱ्या लेव्हलचे. खाडीकाठच्या एका गावात पाण्यातून कोणीतरी माणसं ओढून नेतंय अशी गोष्ट रचली होती आणि त्यासाठी मोबाईलवर पीडीएफ उघडून दोन मेरो (पाण्यातले राक्षस) काढून ठेवले होते. दोघे चुलतभाऊ हायवेला अडकले, ते पोचले दुसऱ्या दिवशी दुपारी. बाकीचे तिघं म्हणाले आपण बसूया, बसलो. पहिल्याच राऊंडला लाईट गेली. मोबाईल १२ टक्क्यांवर, बाहेर धो धो पाऊस, समईच्या उजेडात मी स्क्रीन वरखाली सरकवतोय, हार्पून लागला की किती फूट ओढायचं, सेव्ह (वाचायला एकट्याने टाकायचा फासा) आहे की कॉन्टेस्ट (दोघांनी टाकायचा), काही सापडेना. मग घाईघाईत दोन्ही मेरो एकाच माणसावर सोडले कारण तेवढंच डोक्यात राहत होतं. दुसऱ्या राऊंडला दोघं आडवे झाले आणि चौथ्या राऊंडला माझ्या आतेबहिणीची क्लेरिक (देवाच्या मंत्रांनी बरं करणारं कॅरेक्टर) मेली. दोन वर्षं खेळत होती ती तिला, वहीच्या मागे तिची चित्रं काढायची. काही बोलली नाही, शीटची घडी केली, पिशवीत ठेवली आणि माजघरात झोपायला गेली.

कॅरेक्टर मरणं हे खेळातच आहे, त्याबद्दल मी बोलत नाहीये. पण ती मेली ती मॉन्स्टरमुळे नाही, माझ्याकडे तिघांसाठी नोट नव्हती म्हणून. हे मला परत व्हायला नकोय.

तर विचारायचं हे की तुम्ही मॉन्स्टर आपल्या टेबलाला बेतून कसा लिहिता, कागदावर काय ठेवता, काय टाकून देता? आणि पावसाळ्यात, लाईट नसताना, दमट कागदावर चालेल असं काही असेल तर आधी ते सांगा.

आकडेमोड

दादा, वाचून वाईट वाटलं. पण तुझी फाईट नक्की कुठे घसरली ते आकड्यात बघू, म्हणजे यंदा नोट लिहिताना उपयोग होईल.

२०१४ च्या नियमांत तिसऱ्या लेव्हलला माणशी मीडियम १५०, हार्ड २२५, डेडली ४०० एक्सपी (लढाई किती अवघड ते मोजायचे गुण). मेरो सीआर (मॉन्स्टरच्या ताकदीची पायरी) २ चा, म्हणजे ४५०. दोन मेरो ९००, आणि दोन मॉन्स्टर असले की दीडपट धरायचं म्हणजे १३५०. पाच जणांचा हार्ड होतो ११२५ आणि डेडली २०००, म्हणजे पाच जणांसाठी तू बरोबरच लिहिलं होतंस. तिघांची डेडलीची रेघ १२०० वर. तू १३५० वर बसलास. एकच मेरो ठेवला असतास तर ४५०, तिघांना बरोब्बर मीडियम.

२०२४ च्या नव्या नियमांत ही दीडपट-दुप्पट काढून टाकली आहे, लो, मॉडरेट, हाय अशा तीनच पायऱ्या ठेवल्यात. तिथे तिसऱ्या लेव्हलचा हाय माणशी ४००, तिघांचा १२००, आणि दोन मेरो नुसते ९००. म्हणजे त्या हिशोबाने ही फाईट हायच्या आतच बसते, आणि म्हणूनच मी फक्त बजेटवर विसंबत नाही. मी अजून एक गोष्ट बघतो, एका राऊंडला सगळं लागलं तर सगळ्यात कच्च्या माणसाचं काय होतं. मेरोचा चावा सरासरी ८, हार्पून ११, एका मेरोचे १९, दोघांचे ३८. तिसऱ्या लेव्हलची क्लेरिक, कॉन (अंगातला चिवटपणा) १४ धरला तर तिचे एचपी (किती मार सोसेल तो आकडा) २४. बघ आता. दोन्ही एकावर सोडले आणि सगळं लागलं की नुसत्या सरासरी मारानेही एका राऊंडात ती झोपते. माझ्या प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात हे दोन आकडे शेजारी शेजारी असतात, मॉन्स्टरचा राऊंडचा मार आणि पार्टीतले सगळ्यात कमी एचपी.

दुसरं, एचपी. मेरोला छापील ४५ आहेत पण ते म्हणजे सहा वेळा दहाचा फासा अधिक १२, त्याची सरासरी. किमान १८ होतात आणि कमाल ७२. म्हणजे तू तिघांसाठी ३० लिहिलेस आणि सहा जणांसाठी ६०, तरी तू नियमाच्या आतच आहेस, फसवाफसवी काही नाही. हे कार्डाच्या मागे आधीच लिहून ठेव. टेबलावर बसून ठरवायला गेलं की हात नेहमी त्या दिवशीच्या मूडप्रमाणे वळतो.

नवखा_चिपळूण

मी गेल्या महिन्यातच डीएमिंग चालू केलंय त्यामुळे बेसिक प्रश्न विचारतो, हे सगळे स्टॅट ब्लॉक (मॉन्स्टरचे छापील आकडे) विकत घेतलेल्या पुस्तकातूनच घ्यावे लागतात का? आणि मी मराठीत कार्डं करून आमच्या ग्रुपवर टाकली तर चालतं का कोणाला

आकडेमोड

चालतं. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ (मोफत नियमसंच) क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० लायसन्सखाली आला. भाषांतर कर, बदल कर, वाट, फक्त मूळ कुठून घेतलं त्याचं श्रेय लिहायचं. मेरो, घूल, ऑगर, जायंट क्रॅब, विल-ओ-विस्प हे सगळे त्यात आहेत. सगळेच मॉन्स्टर मात्र नाहीत, तेव्हा कार्ड बाहेर टाकण्याआधी तो एसआरडीत आहे का बघून घे. घरच्या टेबलासाठी अर्थातच काहीही लिही.

पडवीतला_डीएम

आकडेमोड, ३८ आणि २४ शेजारी शेजारी वाचल्यावर पोटात कसंतरीच झालं. धन्यवाद, हे कोपऱ्यातले दोन आकडे यंदापासून प्रत्येक कार्डावर.

मी काल रात्री एक कार्ड लिहून बघितलं. कागद म्हणून जुन्या लग्नपत्रिका घेतल्यात. आमच्या आईने फडताळात गठ्ठा जपून ठेवलाय, जाड असतात, मागची बाजू कोरी असते आणि पावसात वहीच्या कागदासारख्या लोळत नाहीत. दमट कागदावर बॉलपेन अडकतं म्हणून पेन्सिल, आणि लिहून झालं की वरून रुंद चिकटपट्टी. एचपीसाठी खोडत बसायचं नाही, चिंचोके. एक चिंचोका म्हणजे ५ एचपी, वाटीत नऊ टाकले की ४५ झाले, मार बसला की काढून घ्यायचे. अंधारात हाताला लागतात, पोरांनाही आवाजावरून कळतं की वाटी रिकामी होत आली.

मेरो म्हणून मेरो वापरायचा नाही असं ठरवलंय. आमची आजी गिऱ्ह्याच्या गोष्टी सांगायची, बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, रात्रीचा पाण्याच्या कडेने जाणाऱ्याला भुलवून पाण्यात नेतो, आणि त्याचे केस कोणी कापून घेतले की तो त्या माणसाचा चाकर होतो, केस परत मिळेपर्यंत सांगेल ते काम करतो. मेरोचं अंग घेतलं आणि त्यात हा स्वभाव घातला. मेरो पाण्यात ४० फूट पोहतो आणि जमिनीवर फक्त १० फूट सरकतो, ते तर गिऱ्ह्याला इतकं चपखल बसलं की मला काही बदलावंच लागलं नाही.

कार्ड असं (एसी म्हणजे मार लागायला फासा आणि बोनस मिळून किमान किती व्हायला हवं, +६ म्हणजे त्याच्या फाशात मिळवायचा बोनस):

गिऱ्हा. एसी १३. एचपी तिघांना ३०, चार-पाच जणांना ४५, सहांना ६०. नेहमी एकटाच.
आधी काय जाणवतं: वारा नसताना होडीचा दोर ताणतो. कुजक्या शेवाळाचा वास. ओळखीच्या आवाजात नावाने हाक, एकदाच.
पहिला राऊंड: पाण्याच्या सगळ्यात जवळ असेल त्याच्यावर केस फेकतो. +६, २० फुटांपर्यंत, ११ मार, मग ताकदीची कॉन्टेस्ट, त्याची +४. हरला तो २० फूट ओढला.
दुसरा राऊंड: ओढलेल्याला चावा +६, ८ मार. बाकीच्यांकडे बघत नाही.
तिसरा: कोणी मधे आलं तर त्याला नखं +६, ९ मार, आणि धरलेल्याला सोडत नाही.
पळतो: १५ च्या खाली गेला की, किंवा जमिनीवर ओढला गेला की. केस कापले की लढाई तिथेच संपली.
केस कापणं: धारेचं हत्यार, एसी १५, एकदा लागलं की पुरे.
त्याला काय हवंय: सोबत.

शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ बसलो होतो. ती लिहिल्यावर वरचे सगळे राऊंड आपोआप सुचले, तो एकालाच का धरतो, बाकीच्यांकडे का बघत नाही.

कुर्लीवाली

मस्तच रे! "सोबत" वाचून अंगावर काटा आला.

मी मालवणची, बाबांची होडी आहे, मी लहानपणापासून जाळी सोडवत आलेय त्यामुळे माझे मॉन्स्टर सगळे किनाऱ्यावरचे असतात. माझं म्हणणं असं की आकडे लिहायच्या आधी तो प्राणी काय करतो ते लिहायचं. पुस्तकातला जायंट क्रॅब घे, सीआर एक अष्टमांश, एसी १५, एचपी १३, नांगीत पकडलं की सुटायला डीसी (फाशावर गाठायचा आकडा) ११. एवढ्यावर तो म्हणजे हालणारी पेटी आहे नुसती. आता खरी कुर्ली बघ. ती आधी मागे सरते आणि नांग्या वर करते, अंगावर येतच नाही, तू वाट अडवलीस तरच पकडते. पकडली की जेवढं ओढशील तेवढी घट्ट करते, पाण्यात सोडलीस की स्वतःहून सोडते. आणि अगदीच जिवावर आलं तर नांगी अंगापासून तोडून तुझ्या हातात ठेवून पळते. कात टाकलेली असेल तर कवच मऊ असतं आणि ती बिळातून बाहेर यायला बघत नाही.

मी हे चार-पाच ओळींत कार्डावर लिहिलं. कात टाकलेली कुर्ली एसी ११, लपून राहते, तिच्या बिळाच्या तोंडाशी दुसरी उभी असते ती एसी १५. पकडल्यावर ओढून सुटायला गेलात तर डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा), पाण्यात बुडवलीत तर आपोआप सोडते. अर्ध्या एचपीवर एक नांगी टाकते, तिथून पुढे तिला एकच हल्ला. आमच्या टेबलावर चार जण तासभर त्या दोन कुर्ल्यांशी झगडले आणि शेवटी एकाला सुचलं की अरे पाण्यात हात घाल. जी आरोळी पडली ना! २५ एक्सपीचा मॉन्स्टर आहे तो.

आणि एक, खाडी लिहितोयस तर भरती-ओहोटी लिही. राऊंड सहा सेकंदांचा असतो त्यामुळे फाईटच्या मधे पाणी चढवू नकोस, ते खोटं वाटतं, आमच्याकडची माणसं लगेच पकडतील. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या वर जातात. पण पार्टी गावात विचारपूस करण्यात वेळ घालवत असेल तर तेवढ्यात पाणी किती चढलं ते कार्डावर हवं. ओहोटीला गिऱ्ह्याला माणूस ओढून न्यायला चिखलातून लांब जावं लागेल आणि चिखलात तो १० फुटांवरच अडकतो. उधाणाच्या भरतीला पाणी थेट पायरीला लागलेलं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग (लहान भरती), एवढं लिहिलंस तरी पोरं कॅलेंडर बघून बेत आखतील. एकच मॉन्स्टर, एकच कार्ड, पण तीन वेगळ्या फाईट.

रानवाट

कार्ड बरां जमलाहा. पण माका एक सांगूचा आसा. माझ्या वळखीचो एक पोरगो गेल्या वर्षी देवचारार असाच कार्ड करून इलो, एसी, एचपी, सगळा लिवलेला, आणि पार्टीन तेका मारल्यान. माका तां काय बरां वाटाक नाय. देवचार आमचो राखणदार. रातीचो वाटेन एकटो जाणारो माणूस असलो तर तेच्या काठयेचो आवाज पुढे येता आणि माणूस सुखरूप घराक पोचता, अशी आमची म्हातारी माणसां सांगतत. आमी तेका राखण देतव. तेचे एचपी कसले लिवतास?

(प्रमाण मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल.) गिऱ्हा, हडळ, झोटिंग, यांच्याशी लढा, माझी काही हरकत नाही, त्या गोष्टी भीतीच्याच आहेत. पण देवचार आणि वेतोबा ही आमची दैवतं आहेत. आरवलीच्या वेतोबाला माणसं चपला वाहतात, देव रात्रीचा गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. तो मॉन्स्टरच्या यादीत बसत नाही. तुमच्या गोष्टीत तो यायचाच असेल तर त्याला मारता येईल असा आकडाच कागदावर लिहू नका. आकडा लिहिला की टेबलावर कोणीतरी मारून बघतोच.

पडवीतला_डीएम

रानवाट, पटलं. खरं सांगतो, माझ्या पुढच्या कार्डांच्या यादीत देवचार होता. काढला. म्हणजे गोष्टीतून नाही काढला, त्याचं कार्ड वेगळ्या प्रकारचं लिहितोय. एसी नाही, एचपी नाही. फक्त तो कधी येतो, काय ऐकू येतं (काठी, घुंगरं), कोणाला वाट दाखवतो आणि कशाने रागावतो. पार्टीतलं कोणी वाटेत एकटं पडलं तर काठीचा आवाज पुढे जाईल, मागे गेलं तर गावात पोचेल. हल्ला करायला गेलं तर आवाज थांबेल, बस. तुमचं ते शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, आकडा लिहिला की कोणीतरी मारून बघतोच.

पत्रावळ

दापोलीजवळच्या शाळेत शिकवते, सुट्टीत मुलांचा एक गट घेऊन खेळते, दहा ते तेरा वयाची. धागा वाचत होते, एक राहिलंय असं वाटलं म्हणून लिहिते.

आमच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी एक मुलगा ओढ्याला बुडाला. माझ्या गटातल्या दोघांचा वर्गमित्र. मला ते माहीत होतं तरी मी पुस्तकातून पाण्यातला मॉन्स्टर उचलला आणि वाचून दाखवायला लागले, पाण्यातून हात येतो, पाय धरतो, आणि समोरचा एक मुलगा एकदम गप्प झाला. फासा हातात घट्ट धरून बसला होता. मी तिथेच थांबवलं, म्हटलं चला आधी सरबत घेऊया, आणि परत बसलो तेव्हा पाणी काढून टाकून जंगलात नेलं. त्या दिवसापासून माझ्या कार्डाच्या पहिल्या ओळीत मॉन्स्टरचं नाव नसतं, "कोण बसलंय" असतं. कोणाचे आजोबा नुकतेच गेलेत, कोणाला साप बिलकुल चालत नाही, कोणाला उलट किळसवाणंच हवंय. मॉन्स्टर बेतायचा तो त्यांच्यावर आधी आणि लेव्हलवर नंतर.

गिऱ्ह्याची गोष्ट तर बुडून मेलेल्याचीच आहे. तुमच्या पडवीत मोठी माणसं असतील, पण एकदा सगळ्यांना आधीच विचारा, पाण्यात ओढण्याची गोष्ट चालेल ना. एका मेसेजचं काम आहे.

अजून एक छोटंसं. जे मोठ्याने वाचायचं ते वाक्य कार्डावर बोलीतच लिहा. मी आधी पुस्तकातलं भाषांतर करून लिहायचे, "एक भयावह आकृती जलातून उदयास येते", मुलं हसायची. आता लिहिते "पाणी हललं. काय नाय ना? परत हललं." मुलं पाय वर घेऊन बसतात.

पडवीतला_डीएम

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आत्ताच ग्रुपवर विचारलं. चौघांनी हो म्हटलं, एका मामेभावाने वेगळा मेसेज करून सांगितलं की त्याची बायको पण बसणार आहे यंदा पहिल्यांदा आणि तिला पाण्याची खूप भीती आहे, लहानपणी विहिरीत पडली होती. मी तिलाच फोन केला. ती म्हणाली गोष्ट असू दे पण माझ्या कॅरेक्टरला ओढू नको. कार्डावर वरती लिहिलं, वहिनीला धरायचं नाही. ती सगळ्यात जवळ असली तर तो तिच्या शेजारच्याकडे वळतो.

आकडेमोड

पाण्यात ओढल्यावर पुढे काय, हेही लिहून ठेव नाहीतर टेबलावर वाद होतो. नियमाप्रमाणे श्वास धरता येतो एक अधिक कॉनचा मॉडिफायर एवढी मिनिटं. कॉन १४ चा मॉडिफायर (बेरजेत धरायचा आकडा) २, म्हणजे तीन मिनिटं, म्हणजे ३० राऊंड. तुझी फाईट पाचव्या राऊंडला संपणार, त्यामुळे बुडण्याची भीती दाखवायची असेल तर नुसता नियम वापरून ती येणार नाही. मी असं करतो, पाण्याखाली मार बसला की कॉनचा सेव्ह, डीसी १०, चुकला तर एक मिनिट कमी. हा माझा घरचा नियम आहे, पण तो खेळायच्या आधी सगळ्यांना सांगतो, मधेच काढत नाही.

आणि पाण्याखालची हत्यारं. पोहण्याचा वेग नसेल तर तलवार, कुऱ्हाड, सोटा यांनी मारताना डिसअॅडव्हांटेज. खंजीर, भाला, शॉर्टस्वोर्ड, त्रिशूळ, जॅव्हलिन यांना नाही. पूर्ण बुडालेल्याला आगीचा मार अर्धा. तुझ्या पार्टीत कोणाकडे काय हत्यार आहे ते मागवून घे आणि ज्याचं चालतं त्याचं नाव कार्डाच्या मागे लिही, म्हणजे नवीन बसणाऱ्याला तू आठवण करून देऊ शकतोस की तुझा खंजीर चालतोय. केस कापायलाही तोच लागणार आहे.

नवखा_चिपळूण

मी पण एक करून बघितलं, सांगा कसं आहे. चकवा. विल-ओ-विस्पवर बेतलाय. एसी १९, एचपी २२, उडतो ५० फूट, अदृश्य होतो, शॉक +४ ने ९ मार. पार्टी दुसऱ्या लेव्हलची चार जण. रात्री कातळावरून जाताना दिवा दिसतो, मागे गेले की हल्ला करतो

कुर्लीवाली

चांगला आहे पण दुसऱ्या लेव्हलला एसी १९ म्हणजे +५ वाल्याला १४ किंवा वर पडायला हवं. तीन वेळा मारतील तेव्हा एकदा लागेल, त्यात साध्या हत्याराचा मार अर्धा. पोरं कंटाळतील रे.

आणि मला सांग, चकवा मारतो का कधी? आमच्याकडे चकवा लागला म्हणजे माणूस रात्रभर त्याच त्याच वाटेने फिरतो, तेच झाड परत परत दिसतं. आणि उपाय काय सांगतात, एका जागी बसून राहायचं, उजाडलं की वाट दिसते. मग हल्ला कशाला? एचपी काढूनच टाक. कार्डावर लिही, ते झाड पहिल्यांदा कसं दिसतं, दुसऱ्यांदा त्यात काय बदललंय, तिसऱ्यांदा काय. प्रत्येक फेरीला दमण्याचा सेव्ह. आणि बाजूला लिही की बसून राहिले तर काय होतं. कोणाची आजी कोकणातली असेल तर तोच बसा म्हणेल, आणि ज्याची नसेल तो ऐकून शिकेल.

नवखा_चिपळूण

अरे वा हे तर मी विचारच केला नव्हता, आमच्यात एकाची आजी संगमेश्वरची आहे, त्याला माहीत असणार. लिहितो परत

रानवाट

तिसऱ्या फेरीक झाडाखाली तेंचीच चप्पल पडलेली दाखव. माझ्या आज्येन सांगितलेली गजाल आसा ती.

पडवीतला_डीएम

काल रात्री खेळलो, सांगायला आलो. झोप झालेली नाही, घरात माणसं आहेत, तुटक वाटेल.

सहा जण बसले. एचपी ६०, वाटीत बारा चिंचोके. लाईट साडेअकराला गेली ती सकाळी आली आणि एकदाही मोबाईल काढावा लागला नाही. कार्ड समईशेजारी उभं करून ठेवलं होतं. उधाणाची भरती धरली होती, पण पोरांनी गावात विचारपूस करून बेत केला की ओहोटीपर्यंत थांबायचं, तेव्हा कुर्लीवाली तुमचं चिखलाचं गणित पूर्ण वापरात आलं. पहिल्या राऊंडला वहिनी सगळ्यात पुढे होती. त्याने शेजारच्या चुलतभावाला धरला. वहिनीनेच दुसऱ्या राऊंडला त्याचा पाय धरून मागे ओढलं आणि ताकदीवर २० टाकले, सगळी पडवी उठून उभी राहिली, आजोबा आतून ओरडले की देव बसलेत घरात.

आतेबहीण आली होती. मला वाटलं नव्हतं बसेल. तिने नवीन कॅरेक्टर आणलं, मेलेल्या क्लेरिकची धाकटी बहीण, रोग (लपूनछपून वार करणारं कॅरेक्टर), आणि हत्यार विचारलं तर म्हणाली ताईचा खंजीर. मी कार्डाच्या मागे तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं. तिसऱ्या राऊंडला तिने उडी मारली, खांद्यापर्यंत पाण्यात, एसी १५ होता, तिने १७ टाकले आणि केस कापले. लढाई तिथेच संपली, पाच चिंचोके अजून वाटीत होते.

मग तिने विचारलं, याला काय हवं होतं? मी कार्डावरची शेवटची ओळ वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, केस मी परत देते, पण तो आमच्याबरोबर चालत असेल तर.

आज रात्री परत बसतोय. गिऱ्हा आता पार्टीत आहे आणि पाण्याबाहेर त्याचा वेग १० फूट, त्यामुळे त्याला न्यायला त्यांनी एक पडाव (होडी) भाड्याने घेतलाय. कोणाकडे सोबतीच्या मॉन्स्टरचं कार्ड असेल तर संध्याकाळच्या आरतीआधी टाका. पत्रिका काढून बसलोय, पहिली ओळ लिहिली आहे, "कोण बसलंय", आणि त्यात यंदा त्याचंही नाव आहे.